वार्धक्य, कंपवात आणि मेंदूतील पेशींचे खतपाणी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात राहू येथे पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





घरातील वृद्ध माणसाचा हात थरथरू लागला, चाल मंदावली, कुडत्याची बटणे लावायला वेळ लागू लागला की आपण सारे मिळून एकच निदान करतो : ‘वय झाले.’ हे दोन शब्द उच्चारले की डॉक्टर नको, औषध नको, विचारही नको. आजचे माझे सांगणे या दोन शब्दांविषयी आहे. वय होणे ही एक गोष्ट, आणि मेंदूतील काही ठराविक पेशी मरणे ही दुसरी. पहिली सर्वांच्या वाट्याला येते. दुसरी हा रोग आहे. या दोहोंतला फरक विज्ञानाला कसा कळला, त्या पेशी जगवण्यासाठी जगभर काय खटपट चालली आहे आणि आपल्यासारख्या खेड्यातील कुटुंबांनी त्यातून काय घ्यावे, हे सोप्या शब्दांत मांडण्याचा प्रयत्न करतो.

या रोगाला आपल्याकडे कंपवात म्हणतात. युनानी हकीम थरथरीला रअशा म्हणत, आणि इब्न सीना यांच्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथात तिचा विचार केलेला आहे. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने या रोगावर एक छोटी पुस्तिका लिहिली. तिचा आधार होता फक्त ६ माणसांचे निरीक्षण, आणि त्यांतील काही जण तर त्याला रस्त्याने जाताना दिसलेले होते. चालणाऱ्या माणसाकडे लक्षपूर्वक पाहण्याची सवय, एवढेच त्याचे भांडवल. विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पुढे या रोगाला त्याचेच नाव मिळाले.

लक्षणे कोणती? हात स्वस्थ मांडीवर ठेवला असताना थरथरतो आणि काही धरायला गेले की थरथर कमी होते. बहुधा एका बाजूने सुरुवात होते. हालचाल मंदावते, अंग ताठते, चालताना एक हात हलायचा थांबतो. अक्षर बारीक होत जाते, आवाज खाली जातो, चेहऱ्यावरचे भाव ओसरतात. काही रुग्णांत थरथर नसतेच, नुसता मंदपणा असतो, आणि तेथेच आपली फसगत होते. यांच्याही आधी, कधी कधी कित्येक वर्षे आधी, वास येईनासा होतो, मलावरोध जडतो, झोपेत माणूस स्वप्नातल्याप्रमाणे हातपाय झाडतो. अर्थात यांपैकी एखादे लक्षण दिसले म्हणजे कंपवात झालाच असे नव्हे. पण दोन-तीन गोष्टी एकत्र दिसू लागल्या तर ‘वय झाले’ म्हणून गप्प बसू नये.

आता मेंदूत डोकावू. मेंदूच्या तळाकडे, मध्यमेंदूत, दोन्ही बाजूंना काळसर रंगाचा एक लहानसा पट्टा असतो. शास्त्रज्ञ त्याला सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणतात, आपण नुसते काळा पट्टा म्हणू. संपूर्ण मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यांपैकी काळ्या पट्ट्यातील या पेशी अवघ्या ४ ते ६ लाखांच्या घरात. परंतु त्या डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात, आणि त्या द्रव्यावाचून मनात आलेली हालचाल अंगात उतरत नाही. बैल आहे, नांगर आहे, शेत आहे. कासरा मात्र हातात नाही, अशी अवस्था होते.

डोपामीनचे हे महत्त्व कळण्याच्या कथेत आपल्या मातीतल्या दोन वनस्पती आहेत. पहिली सर्पगंधा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवर तपासून १९४९ साली इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि ही मुळी जगापुढे आली. तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. स्वीडनमधील अर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रिसर्पिन दिले तेव्हा ते जागच्या जागी निश्चल झाले. मग एल-डोपा हे द्रव्य टोचताच ससे पुन्हा हिंडूफिरू लागले. रिसर्पिनने मेंदूतील डोपामीन रिते केले होते आणि एल-डोपापासून ते पुन्हा तयार झाले होते. १९६० साली व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच आणि त्यांच्या सहकाऱ्याने कंपवाताने वारलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, त्यांत डोपामीन फारच थोडे आढळले. पुढे १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी डोपा तोंडावाटे, वाढत्या मात्रेत देऊन जखडलेले रुग्ण चालते केले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरी वनस्पती खाजकुइली. बांधावरचा हा वेल मुलांना चांगलाच ठाऊक असतो, त्याच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की आग आग होते. तिच्या बियांत हेच एल-डोपा असते. मद्रासमध्ये १९३७ सालीच दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते बियांतून वेगळे काढले होते. मुंबईत डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाजकुइलीच्या बियांचे चूर्ण कंपवाताच्या रुग्णांना देऊन पाहिले आणि १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. म्हणून कोणी आज घरी जाऊन बांधावरच्या शेंगा कुटायला बसू नये. बियांतील द्रव्याचे प्रमाण कमीअधिक असते, आणि चालू गोळ्यांत त्याची भर पडली तर अपाय होतो. डॉक्टरांना विचारल्यावाचून यात हात घालू नये.

एल-डोपा, म्हणजे लेव्होडोपाच्या गोळ्या, आजही या रोगावरचे सर्वांत उपयोगी औषध आहे. पण तिची मर्यादा आपल्या भागातील माणसाला लगेच उमजेल. विहीर आटली म्हणून टँकरने पाणी आणून ओतले तर पीक तगते, परंतु विहिरीचे झरे काही वाहू लागत नाहीत. गोळी डोपामीनची उणीव भरून काढते, मरणाऱ्या पेशीला मात्र वाचवत नाही. काही वर्षांनी गोळीचा अंमल लवकर ओसरू लागतो, कधी अंग नको तसे वळवळू लागते. म्हणून शास्त्रज्ञांनी पुढचा प्रश्न विचारला : झरेच जगवता येतील काय?

येथे वृद्धिघटकांची गोष्ट सुरू होते, आणि ती एका मुलीच्या शिक्षणाचीही गोष्ट आहे. इटलीतील तुरीन शहरात रीटा लेव्ही-मोंताल्चिनी ही मुलगी वाढली. मुलींनी उच्च शिक्षण घेऊ नये, संसारात अडचण येते, असे तिच्या वडिलांचे मत होते. तिने त्यांचे मन वळवले आणि ती डॉक्टर झाली. १९३८ साली तेथील सरकारने ज्यूंविरुद्ध वंशभेदाचे कायदे केले आणि तिला विद्यापीठाचे दार बंद झाले. तेव्हा तिने घरच्या झोपण्याच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांवर काम चालू ठेवले. युद्धानंतर ती अमेरिकेत गेली. तेथे स्टॅन्ली कोहेन यांच्यासह तिने चेतापेशींना वाढवणारे आणि जगवणारे एक प्रथिन शोधून काढले. १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. रीटाबाई १०३ वर्षे जगल्या आणि २०१२ साली वारल्या.

त्या शोधाचा मथितार्थ असा. चेतापेशी एकटीच्या बळावर जगत नाही. ती ज्या पेशींशी जोडलेली असते त्यांच्याकडून तिला थोडे थोडे पोषक प्रथिन मिळत राहते. हाच वृद्धिघटक. गर्भावस्थेत चेतापेशी गरजेपेक्षा जास्त जन्मतात. ज्यांना हा घटक पुरेसा मिळतो त्या राहतात, बाकीच्या गळून जातात.

डोपामीन करणाऱ्या पेशींना जगवणारा घटक १९९३ साली अमेरिकेत सापडला. त्याचे लांबलचक नाव आखडून जीडीएनएफ असे म्हणतात. काचपात्रात वाढवलेल्या पेशी त्याने तगल्या, प्राण्यांमध्येही आशादायक परिणाम दिसले. मग माणसांवर प्रयोग सुरू झाले, आणि खरी अडचण तेथे उभी राहिली. हे प्रथिन आकाराने मोठे असल्याने ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. गोळीही नाही, साधे इंजेक्शनही नाही. एका प्रयोगात ते मेंदूतील पाण्याच्या पोकळीत सोडले. ५० रुग्णांवरील त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००३ साली आले : गुण नाही, उलट त्रास. पाटाने पाणी सोडावे आणि ते मुळापर्यंत पोचूच नये, तसे झाले.

त्याच वर्षी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे स्टीव्हन गिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिबक सिंचनाचाच मार्ग धरला म्हणा ना! बारीक नळीने औषध थेट त्या भागात थेंबथेंब सोडले जेथे काळ्या पट्ट्यातील पेशींच्या फांद्या पोचतात. ५ रुग्ण होते, त्यांना चांगला उतार पडला. त्यांतील एक जण पुढे वेगळ्या कारणाने वारला. त्याच्या मेंदूच्या तपासणीत, जेथे औषध सोडले होते तेथे डोपामीनच्या तंतूंना नवे फुटवे आलेले दिसले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. ऊस तोडल्यावर बुडखा जिवंत असेल तर खोडवा फुटतो, तसेच हे. कंपवातात आधी दूरच्या फांद्या वाळतात आणि मूळ पेशी त्यामागून मरते. बुडखा जिवंत असेतोवर आशा आहे, ती ही.

परंतु विज्ञानात ५ जणांचा अनुभव हा पुरावा होत नाही. ३४ रुग्णांच्या प्रयोगात काहींना औषध आणि काहींना नुसते पाणी, कोणाला काय ते न सांगता, देऊन पाहिले. सहा महिन्यांनी दोन्ही गट जवळजवळ सारखेच. अपायाच्या शंकेने २००४ साली ते काम थांबले. ब्रिस्टलला ४१ रुग्णांवर पुन्हा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ साली आले. मेंदूच्या चित्रणात औषधाचा परिणाम स्पष्ट दिसला, पण रुग्णाच्या हालचालीत दोन्ही गटांमध्ये भरवशाचा फरक पहिल्या ९ महिन्यांत पडला नाही. कदाचित औषध उशिरा दिले गेले, बुडखे आधीच वाळले होते. कदाचित मात्रा कमी पडली. आता त्या प्रथिनाचे जनुकच निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून मेंदूत पोचवण्याचे प्रयोग चालू आहेत. तथापि आजमितीस वृद्धिघटकाचे कोणतेही औषध या रोगावर मान्य झालेले नाही. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश उच्चारतो.

मग प्रश्न उरतो : वय झाले की या पेशी मरतातच काय? १९९१ साली लंडनमधील दोन शास्त्रज्ञांनी निरोगी माणसांचे मेंदू तपासून सांगितले की काळ्या पट्ट्यातील पेशी दर दहा वर्षांत सुमारे ४.७ टक्के या गतीने कमी होतात. पण वार्धक्यात ज्या भागातील पेशी जास्त जातात, नेमका तो भाग कंपवातात तुलनेने वाचतो. म्हणजे तऱ्हाच वेगळी. कंपवात म्हणजे वाढलेले म्हातारपण नव्हे.

याहून महत्त्वाचे काम आपल्याच देशात झाले. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत उदय मुथाने, टी. सी. यशा आणि एस. के. शंकर यांनी निरोगी भारतीय मेंदूंमधील या पेशी मोजल्या. निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. ब्रिटनमधील मेंदूंच्या मानाने भारतीय मेंदूंत या पेशी सुमारे ४० टक्के कमी होत्या, पण वय वाढले म्हणून त्या घटलेल्या आढळल्या नाहीत! थोड्या, पण टिकाऊ. पुढे तेथील फाल्गुनी अल्लादी आणि सहकाऱ्यांनी जीडीएनएफला पकडून घेणारी पेशींवरील प्रथिने तपासली. खत टाकले तरी ते शोषणारी मुळे हवीत ना, तीच ही प्रथिने. वयोवृद्ध भारतीयांच्या मेंदूतही ती शाबूत आहेत, असे त्यांनी २०१० साली दाखवले. आपल्या वृद्धांच्या मेंदूला पोषण घेण्याची ताकद राहते, असा याचा अर्थ निघतो.

म्हणून आपल्याला हा रोग होत नाही, असे मात्र कोणी समजू नये. मुंबईच्या पारशी वसाहतींत डॉ. भरुचा व सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन १४,०१० लोकांची पाहणी केली, ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. त्यांत कंपवाताचे ४६ रुग्ण निघाले. हे प्रमाण मोठे होते. पारशी समाजात वृद्धांची संख्या जास्त, हे त्याचे एक कारण. आपल्याकडेही आयुर्मान वाढते आहे. आज जे पारशी वसाहतींत दिसले ते उद्या आपल्या वाड्यावस्त्यांवर दिसणार. पण तेथे घरोघर जाऊन पाहिले म्हणून दिसले. आपण पाहतो काय?

मित्रहो, आता आपल्या दारापाशी येतो. चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट शेताची. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण एकाएकी कंपवाताच्या रुग्णासारखे जखडून गेले. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट मादक द्रव्यात एक विष होते आणि त्याने काळ्या पट्ट्यातील पेशी मारल्या होत्या. ते विष शरीरात गेल्यावर जे रूप घेते त्याची रासायनिक ठेवण पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे. २०११ साली अमेरिकेतील पाहणीत, पॅराक्वाट किंवा रोटेनोन हाताळणाऱ्यांमध्ये कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीच पट आढळले. युरोपीय संघात पॅराक्वाटला २००७ पासून बंदी आहे, आपल्या देशात ते वर्षानुवर्षे विकले गेले. मुळा-मुठा आणि भीमेच्या बेचक्यातील हा आपला उसाचा मुलूख. तणनाशकाचा पंप पाठीला लावलेला नाही असे घर विरळा. फवारताना हातमोजे, तोंडाला फडके, अंगभर कपडे, नंतर साबणाने आंघोळ, आणि उरलेल्या डब्याचा पाण्यासाठी वापर कधीही नाही, एवढे तरी पाळा. वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून फवारू नका. हे काम मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नका.

दुसरी गोष्ट हालचालीची. प्राण्यांवरील प्रयोगांत व्यायामाने मेंदूतील वृद्धिघटक वाढतात असे दिसले आहे. अमेरिकेत नुकतेच निदान झालेल्या १२८ रुग्णांवर प्रयोग झाला. त्यांतील ज्यांनी सहा महिने दमछाक होईल असा चालण्याचा व्यायाम केला त्यांचा रोग त्या काळात जवळजवळ जागच्या जागी राहिला, इतरांचा वाढला. हे २०१८ साली प्रसिद्ध झाले. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवले. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र आणते. आपल्याकडे मात्र म्हाताऱ्या माणसाला आपण प्रेमाने खाटेवर बसवतो : ‘बाबा, तुम्ही काही करू नका.’ हे प्रेम महागात पडते. डॉक्टरांना विचारून, सोबत देऊन, त्यांना रोज चालवा.

तिसरी गोष्ट औषधाची. लेव्होडोपाच्या गोळ्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. त्या वेळच्या वेळी, शक्यतो जेवणाच्या अर्धा तास आधी घ्याव्या लागतात, आणि एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. रमजानमध्ये हे विशेष सांभाळावे. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे, हे आपण जाणतोच. तेव्हा कोणी परस्पर गोळ्या बंद करू नयेत, आधी डॉक्टरांशी बोलावे. मशिदीत खुर्चीवर बसून नमाज पढणाऱ्या बुजुर्गाकडे कोणी वळून पाहू नये, त्यांनी यायचे थांबवू नये, हे पाहणेही उपचारच आहे.

चौथी गोष्ट फसवणुकीची. ‘मूळपेशींचे इंजेक्शन देतो, मेंदू नवा करतो’ असे सांगून लाखो रुपये मागणारे दुकानदार शहरात आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही विकार वगळता असले उपचार फक्त नोंदणी झालेल्या संशोधनातच करता येतात, आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की समजावे. वृद्धिघटकांची कथा मी एवढी लांबवून सांगितली ती याचसाठी. जगातल्या प्रामाणिक संशोधकांना तीस वर्षे झटून जे अजून साधलेले नाही, ते कोणी गल्लीतल्या खोलीत पैसे मोजून देत असेल, तर त्यासाठी जमीन विकू नका.

शेवटी घरातल्या बायांविषयी एक शब्द. पुरुषाचा हात थरथरला तर चारचौघांत दिसतो, कोणी तरी डॉक्टरांकडे नेतो. दादी किंवा आजी चुलीपाशी मंदावल्या तर सून चिडते, मुले हसतात, आणि भाकरी थापायला वेळ का लागतो हे कोणीच विचारत नाही. त्या कामचुकार झालेल्या नाहीत. त्यांच्या मेंदूतला कासरा सुटत चालला असेल. त्यांना तालुक्याच्या डॉक्टरांकडे आणि गरज पडल्यास पुण्याच्या मज्जातज्ज्ञांकडे न्या. निदान झाले तर पुढची कित्येक वर्षे त्या स्वतःच्या हाताने जेवतील, स्वतःच्या पायाने अंगणात येतील.

विद्यार्थ्यांनो, या आठवड्यात घरातील सर्वांत वृद्ध माणसाला एक ओळ लिहायला सांगा, लिहिता येत नसेल तर दहा पावले चालायला सांगा, आणि नीट पाहा. वेगळे काही दिसले तर वडिलांच्या कानावर घाला. आणि तुमच्यापैकी एखादी मुलगी पुढे निम्हान्ससारख्या संस्थेत जाऊन या पेशींचे खतपाणी शोधील, तर आजच्या या समारंभाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.